घरातील केरकचरा व अडगळ : गाडीस देण्यापूर्वी करावयाची तयारी

पूर्वी खेड्यातील घरामागे एकच उकिरडा असे व तो पुरत असे. शेण, राख, खरकटे, पालापाचोळा, चिंध्या ह्यांपैकी बहुतेक पदार्थ कुजून मातीस मिळत व उन्हाळ्यात तेच खत शेतात जाई. आज उकिरडा तोच आहे. त्यावर पडणारा केर मात्र बदलला आहे. दुधाच्या पिशव्या, बिस्किटांची वेष्टने, बाटल्या, बॅटरीचे सेल, औषधांच्या पट्ट्या व जनावरांना टोचलेल्या सुया त्यात मिसळतात. असे खत भाताच्या खाचरात गेले म्हणजे पहिला उपद्रव होतो तो लावणीस उतरलेल्या स्त्रियांना. चिखलात अनवाणी उभे राहून रोप लावणाऱ्या बाईस काच दिसत नाही. ती रुतल्यावरच कळते.

पाटण तालुक्यात ह्या प्रश्नास पाण्याचीही बाजू आहे. पाटण गाव कोयना व केरा ह्या नद्यांच्या संगमावर वसलेले आहे. ओढ्याकाठी टाकलेला केर पहिल्या मोठ्या पावसात कोयनेत उतरतो, कऱ्हाडास कृष्णेला मिळतो व पुढे सांगलीकडे जातो. त्याच कऱ्हाडाने २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाहून कमी लोकवस्तीच्या शहरांत देशात पहिला क्रमांक मिळविला, व २०२१ मध्ये तो मान सांगली जिल्ह्यातील विट्याकडे गेला. बक्षीस नगरपालिकेस मिळते; पण केर वेगळा करण्याचे काम प्रत्येक घरच्या चुलीपाशी व्हावे लागते. केंद्र शासनाच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनीही ओला, सुका व घरगुती घातक असे तीन भाग करण्याची जबाबदारी कचरा करणाऱ्यावरच टाकली होती. एकदा मिसळलेला केर पुन्हा निवडता येत नाही. खरकट्याने भिजलेला कागद भंगारवाला घेत नाही आणि काच मिसळलेले खरकटे खतास चालत नाही.

ओला केर ज्याच्या घरी गोठा आहे त्याने गाडीस देऊच नये, असे आमचे मत आहे. भाजीची देठे, साली, शिळे अन्न, गोठ्यातील उरलासुरला चारा हे सर्व शेताचे धन आहे. खत करण्याची रीत मात्र पावसाचे मान पाहून निवडावी. कोयनानगरच्या बाजूस खड्डा केल्यास तो पाण्याने भरतो व आतील केर कुजण्याऐवजी सडतो. इंदूर येथे सर आल्बर्ट हॉवर्ड व यशवंत वाड यांनी बसविलेल्या पद्धतीतही पावसाळ्यात खड्ड्याऐवजी जमिनीवर ढीग रचण्यास सांगितले होते. ढिगावर पेंढ्याचे आच्छादन घालावे व भोवती चर काढावा. ज्यांना विटा परवडतील त्यांनी यवतमाळ जिल्ह्यातील पुसदचे नारायण देवताव पांढरीपांडे यांच्या नावाने ओळखले जाणारे नाडेप टाके बांधावे. त्याची लांबी १० फूट, रुंदी ६ फूट व उंची ३ फूट असते आणि हवा खेळावी म्हणून भिंतींत भोके ठेवतात. काडीकचऱ्याचा थर, त्यावर शेणकाला, त्यावर चाळलेली माती ह्या क्रमाने ते भरून वरून लिंपावे. तीन ते चार महिन्यांत खत तयार होते. चुलीची राख पूर्ण निवल्यावर निराळी ठेवावी. गरम राखेने गाडीतील कचरा पेट घेतो आणि ताज्या शेणात फार राख मिसळल्यास त्यातील नत्र उडून जाते.

सुका केर स्वच्छ व कोरडा असावा, एवढेच पुरे. दुधाची पिशवी कापताना कोपऱ्याचा तुकडा सुटा करू नये. तो चाऱ्याबरोबर गुराच्या पोटात जातो. पिशवी विसळून वाळवावी. पावसाळ्यात सुका केर गोणीत घालून पडवीत टांगावा. भाजावळीच्या दिवसांत राबाबरोबर प्लॅस्टिकही पेटविले जाते. ते करू नये. त्याचा विषारी धूर घरात शिरतो व जळून उरलेले गोळे रोपांच्या वाफ्यातच राहतात.

घातक केराच्या बाबतीत हयगय नको. फुटकी काच व दाढीची पाती जाड कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात द्यावीत. सुयांना टोपण घालण्याच्या खटपटीत हात टोचतो, म्हणून त्या तशाच जाड डब्यात टाकाव्यात. वापरलेले सॅनिटरी पॅड कागदात बांधून वर तांबडी खूण करावी. कीटकनाशकाची रिकामी बाटली तीन वेळा विसळून ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतावे, ओढ्यात नव्हे. नंतर बाटलीस भोक पाडावे, म्हणजे तिच्यात कोणी तेल अगर पाणी भरणार नाही. अशा बाटल्या घरच्या केरात मिसळू नयेत.

राहिली अडगळ. दिवाळीपूर्वी घर झाडताना मोडकी खाट, भिजलेली गादी, गंजका पत्रा, टायर हे सारे रस्त्यावर येते व तेथेच पावसाळा काढते. टायरात पाणी साचून डेंग्यूचे डास होतात. नेहमीच्या गाडीत ह्या वस्तू मावत नाहीत. त्यामुळे आधी ग्रामपंचायतीस अगर नगरपंचायतीस कळवावे. खाट सुटी करून लाकडाचे खिळे काढावेत व फळ्या एका माणसास उचलतील अशा जुडीत बांधाव्यात. पत्र्याची धार आत दुमडावी. गादीतील कापूस चांगला असल्यास तो पिंजून पुन्हा वापरता येतो. नसल्यास ती उन्हात वाळवावी, कारण भिजलेली गादी दोघांसही उचलत नाही. जुने ॲसबेस्टॉस सिमेंटचे पत्रे फोडू नयेत, त्यांची धूळ फुप्फुसास अपायकारक असते. बंद पडलेल्या फ्रिजचे दार काढूनच तो बाहेर ठेवावा; खेळता खेळता मूल आत शिरले व दार लागले तर ते आतून उघडता येत नाही. फुटकी कौले व भिंतीची माती गाडीस न देता वेगळी ठेवावी; ती भरावास उपयोगी पडते.

वस्तू आदल्या रात्री बाहेर ठेवू नयेत; कुत्री पिशव्या फाडतात व पाऊस उरलेले काम करतो. ज्या वाड्यांपर्यंत गाडी चढत नाही तेथे कार्यकर्त्यांनी खालच्या रस्त्यालगत छप्पर असलेली एक जागा ठरवावी व सुक्या केरासाठी पंधरवड्यातील एक वार नेमावा. अडगळीसाठी वर्षातून दोन दिवस, एक मृगापूर्वी व एक दिवाळीच्या आधी, मुक्रर करून आठवडाभर अगोदर घरोघर सांगावे. त्याच दिवशी भंगारवाल्यासही बोलवावे, म्हणजे निम्मी अडगळ गाडीपर्यंत पोहोचण्यापूर्वीच विकली जाईल.