आधी घड्याळ, मग नकाशा

मे महिन्यात टॅबलेट विमानाच्या पुढच्या काचेपाशी लावू नका. उन्हात तो तापतो आणि आपला आपण बंद पडतो. माझा बारामती-सोलापूर वाटेवर, नीरेच्या खोऱ्यावर असताना बंद पडला. इंजिन ठणठणीत, इंधन भरपूर, फक्त पडद्यावरची मार्ग दाखवणारी जांभळी रेघ गायब. खाली धुरकट हवेत उसाचे हिरवे तुकडे आणि एकसारखी गावं.

अशा वेळी खाली बघून गाव ओळखायचा मोह होतो. तो आवरा. उतावीळ नजरेला दिसेल ते हवं तेच वाटतं: कारखान्याचं धुराडं दिसलं की अकलूज, पाणी चमकलं की उजनी. आधी घड्याळ, मग नकाशा, मग जमीन, हाच क्रम ठेवा. बारामतीहून नीरा-भीमा संगम सुमारे 34 नॉटिकल मैल, म्हणजे 90 नॉटच्या वेगाने तेवीसेक मिनिटं. तोवर दिशा धरून बसायचं, गावं शोधायची नाहीत.

संगम वेळेवर आला, पण तीनेक मैल डावीकडे. वायव्येच्या वाऱ्याने विमान उजवीकडे सरकवलं होतं. साठ मैलांत एक अंश चुकला की एक मैल बाजूला, हे त्रैराशिक तोंडपाठ हवं. त्या हिशेबाने चूक पाचेक अंशांची. डावीकडे दहा अंश वळलं की तेवढ्याच अंतरात पुन्हा मूळ रेघेवर. त्यात कुर्डुवाडी-पंढरपूर लोहमार्ग आडवा येतो. तो ओलांडला, की पुढचा हिशेब पक्का.

नकाशावरही आंधळा विश्वास नको. त्यावर उजनीचा जलाशय भरलेला काढतात. उन्हाळ्यात पाणी इतकं हटतं की पळसदेवचं जुनं देऊळ उघडं पडतं. मग किनाऱ्याचा आकार कशाशी जुळवणार? धरणाची भिंत, रेल्वे, नद्यांचे संगम यांच्यावर भिस्त ठेवा.

उपग्रहाला नावं ठेवणारे जुने वैमानिक मला पटत नाहीत. लोहगावच्या हवाई दलाच्या हद्दीची रेघ जमिनीवर कुणी आखलेली नाही. तिथे जीपीएसइतका नेमका सोबती दुसरा नाही. पण अमृतसर-जम्मूकडे त्याचेच संकेत बिघडतात, खोटेही येतात, आणि पडदा मात्र ठामपणे जागा दाखवत राहतो. तेव्हा त्याला विचारा जरूर, पण आपलं उत्तर आधी काढून ठेवून.

पुढच्या उड्डाणाआधी कागदी नकाशावर पेन्सिलने रेघ ओढा, दर दहा मैलांवर खूण करा, शेजारी अपेक्षित वेळ लिहा आणि तो मांडीवर बांधा. वाट चुकल्यासारखं वाटलं, तर गिरक्या घेत बसू नका. हवाई हद्दीचं भान ठेवून उंची घ्या, दिशा धरा आणि रेडिओवर स्पष्ट सांगा. विचारण्यात कमीपणा नाही.