रात्रीचा चालक आणि झोपेची अमानत

नाशिकचा भाजीपाला पहाटेच्या लिलावासाठी वाशीच्या बाजारात पोहोचतो, न्हावा-शेवा बंदरातील कंटेनर भिवंडीच्या गोदामांत रिते होतात. हे सारे आपण झोपेत असताना घडते. या मालमोटारी हाकणाऱ्यांत आपले अनेक श्रद्धावंत बांधव आहेत. दिवसाचे काम सोडून रात्रीच्या फेऱ्या स्वीकारलेला चालक इमामाकडे येतो, तेव्हा त्याचा प्रश्न बहुधा नमाजेविषयी असतो. फज्र कशी सांभाळावी? दिवसा झोपल्यास जुहर निसटणार नाही ना? हा प्रश्न ईमानाची खूण आहे. परंतु त्याच्याही आधीचा एक प्रश्न क्वचितच विचारला जातो. डोळ्यांवर झापड येत असताना स्टिअरिंग हाती ठेवण्याची धर्म मला परवानगी देतो काय?

झोप ही अल्लाहची निशाणी

सूरह अन-नबामध्ये अल्लाहने झोपेला विश्रांतीचे, रात्रीला आच्छादनाचे आणि दिवसाला उपजीविकेचे साधन म्हटले आहे. सृष्टीचा सर्वसाधारण नियम हाच. म्हणूनच रात्री जागणाऱ्याचे शरीर कुरकुर करते, आणि त्यात त्याचा दोष नाही. मात्र सूरह अर-रूमच्या 23 व्या आयतीत रात्रीची आणि दिवसाची अशा दोन्ही वेळच्या झोपेची गणना अल्लाहच्या निशाण्यांत झाली आहे. हलाल रोजीसाठी रात्र जागणाऱ्याकरिता यात मोठा दिलासा आहे. त्याची दिवसाची झोप म्हणजे आळस नव्हे, तर तीही त्याच दयाळू पालनकर्त्याची देणगी आहे.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सतत उपवास व रात्रभर नमाज करणाऱ्या हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) यांना बजावले होते की, शरीराचा, डोळ्यांचा आणि पत्नीचाही माणसावर हक्क असतो. उपासनेसाठीदेखील डोळ्यांचा हक्क बुडविता येत नसेल, तर भाड्याच्या एका जादा फेरीसाठी तो कसा बुडविता येईल?

प्रवासातील एक रात्र

सहीह मुस्लिममध्ये हजरत अबू कतादा (र.) यांनी एका रात्रीच्या प्रवासाची हकीकत सांगितली आहे. मध्यरात्र झाली होती. प्रेषितांना (स.) वाहनावरच डुलकी लागली आणि ते एका बाजूला कलले. अबू कतादा (र.) यांनी त्यांना न जागविता हळूच आधार दिला. असे तीनदा घडले. तिसऱ्या वेळी जाग आल्यावर, हा सोबती रात्रभर आपल्या शेजारून चालत आहे, हे प्रेषितांना कळले. त्यांनी त्याच्या रक्षणासाठी दुआ केली. त्यानंतर ते रस्त्यावरून बाजूला वळले, नमाजेकडे लक्ष ठेवण्यास सोबत्यांना सांगितले आणि झोपी गेले.

येथे तीन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. पहिली, झोप अनावर झाल्यावर प्रवास थांबविण्यात आला. दुसरी, थांबण्यासाठी रस्ता सोडण्यात आला. रात्री मुक्काम करताना वाटेवर थांबू नये, अशी स्वतंत्र शिकवणही हदीसमध्ये आहे. महामार्गाच्या कडेला दिवे न लावता उभ्या केलेल्या ट्रकवर मागून वाहने आदळतात, तेव्हा या शिकवणीचे मोल कळते. तिसरी, जागा राहणारा सोबती ही अल्लाहची कृपा आहे. क्लीनरने चालकाच्या डुलकीवर नजर ठेवणे हे लहान काम नाही, त्यामागे सुन्नतची आठवण आहे.

त्या पहाटे सर्वांना उन्हाच्या स्पर्शानेच जाग आली. फज्र निसटल्याने सोबती व्याकुळ झाले. तेव्हा प्रेषितांनी (स.) स्पष्ट केले की, झोपेत कसूर नसते, कसूर जागेपणी असते.

जागेपणीची कसूर

हे वचन नमाजेच्या संदर्भातील आहे. त्यातील तत्त्व मात्र चालकाने हृदयावर कोरून ठेवावे. ताशी 80 किलोमीटर वेगाने धावणारा ट्रक एका सेकंदात सुमारे 22 मीटर पुढे जातो. तीन सेकंदांच्या डुलकीत 66 मीटर रस्ता चालकाविनाच कापला जातो. त्या तीन सेकंदांत चालक झोपेत असतो. पण त्याआधी जांभया येत होत्या, मैलाचे दगड लक्षात राहत नव्हते, ट्रक पट्टा सोडत होता, आणि तरीही ‘आणखी थोडे पुढे जाऊ’ असे त्याने ठरविले होते. तो निर्णय जागेपणीचा होता, आणि जाब त्याचाच द्यावा लागेल.

हनफी फिक्हच्या ग्रंथांत एक उदाहरण येते. झोपेत कूस बदलताना कोणी दुसऱ्यावर पडला आणि तो दगावला, तर हेतू नसूनही दियत (रक्तमूल्य) आणि कफ्फारा लागू होतो. कफ्फारा म्हणजे गुलाम मुक्त करणे, आणि ते शक्य नसल्यास सलग दोन महिन्यांचे रोजे. अंथरुणातील झोपेबाबत शरीअत इतकी दक्ष असेल, तर पंधरा-वीस टन माल घेऊन धावणाऱ्या वाहनावरील झोपेबाबत आपण किती दक्ष असावे?

काही व्यवहार्य मार्ग

1. रात्री दोन ते पहाटे पाच ही शरीराच्या सर्वाधिक मंदीची वेळ असते. या काळात सुरक्षित जागी थांबून वीस मिनिटांची झोप घ्यावी. उठल्यावर लगेच गाडी न हाकता वुजू करावा, थोडे चालावे. चहाने झोप काही वेळ लांबते, पण भरून निघत नाही.

2. इशा अदा करूनच निघावे. फज्रसाठी उतरण्याचे ठिकाण आधीच ठरवावे. आडवे होऊन किंवा टेकून झोपल्याने वुजू राहत नाही, हे विसरू नये.

3. घरी पोहोचताच खोली अंधारी करून झोपावे. सकाळी सातला झोपलेला चालक दोनला उठला, तरी सात तासांची झोप होते आणि जुहरही वेळेत मिळते, कारण ती वेळ तीनपर्यंत तरी असते. शुक्रवारी घरी असल्यास जुमाच्या हिशेबाने आधी झोपावे व उरलेली झोप नंतर घ्यावी.

4. हनफी आलिमांच्या मते सुमारे 77 किलोमीटर वा अधिक अंतराच्या प्रवासास निघून गावाची हद्द ओलांडली की जुहर, असर व इशाच्या फर्ज रकअती चाराऐवजी दोन होतात. फज्र व मगरिब पूर्ववत राहतात. कोकणातील शाफई बांधवांना प्रवासात जुहर-असर आणि मगरिब-इशा एकत्र करण्याचीही मुभा आहे. रमजानमध्ये प्रवाशाला रोजा नंतर भरून काढण्याची सवलत कुरआननेच दिली आहे. रोज्यामुळे गाडीवरील ताबा सुटण्याची भीती असेल, तर ही सवलत नाकारणे म्हणजे तकवा नव्हे.

घर आणि मालक

ही अमानत एकट्या चालकाची नाही. रात्री काम करून आलेल्या पित्याला दिवसा झोपू देणे, त्याच्या खोलीशी आवाज न करणे, हा मुलांच्या सदाचाराचाच भाग आहे. पाहुण्यांनी व शेजाऱ्यांनीही याची जाणीव ठेवावी.

वाहनमालकांनी प्रेषितांची (स.) ती ताकीद आठवावी की, हाताखालच्या माणसावर पेलणार नाही असा भार टाकू नये, आणि टाकलाच तर त्याला साहाय्य करावे. 1961 च्या मोटर वाहतूक कामगार कायद्यानेही दिवसाला 8 तासांची मर्यादा आणि सलग पाच तासांच्या कामानंतर किमान अर्ध्या तासाची विश्रांती घालून दिली होती. विश्रांतीला जागाच उरणार नाही अशी पोहोचण्याची वेळ बांधून देणारा मालकही त्या जागेपणीच्या कसुरीत सहभागी आहे.

प्रवास हा यातनेचाच एक अंश आहे, तो माणसाची झोप व अन्नपाणी हिरावतो, म्हणून काम संपताच कुटुंबाकडे परतावे, असे प्रेषितांनी (स.) सांगितले आहे. माल तासभर उशिरा पोहोचला तर भाडे कापले जाईल, पण घरी वाट पाहणाऱ्यांची वाट संपेल. अल्लाह आपल्या चालक बांधवांना हलाल उपजीविकेत बरकत, वेळेवर थांबण्याची सुबुद्धी आणि सुखरूप परतीचा प्रवास देवो. आमीन.