ताऱ्यांची शिरगणती

सूर्याचे आयुर्मान सुमारे १,००० कोटी वर्षे मानले जाते. वीस सूर्यांएवढे वस्तुमान असलेला तारा मात्र सुमारे एक कोटी वर्षांतच संपतो. मानवी आयुष्याच्या मानाने हा काळही अफाटच होय. एकाच ताऱ्याचे यौवन व वार्धक्य पाहणे कोणाही ज्योतिर्विदास शक्य नाही. मग ताऱ्यांच्या उत्क्रांतीचे गणित पडताळावयाचे कसे?

त्याचे उत्तर शिरगणतीत आहे. गावातील बालके, प्रौढ व वृद्ध मोजले असता आयुष्याचा कोणता टप्पा किती दीर्घ, याचा अंदाज येतो. ताऱ्यांचेही तसेच. हायड्रोजनच्या ज्वलनात ताऱ्याचे सुमारे नऊ-दशांश आयुष्य जाते, असे गणित सांगते. म्हणजे जन्माचे प्रमाण स्थिर धरल्यास दहांपैकी सुमारे नऊ तारे त्या अवस्थेत आढळावयास हवेत. त्यापुढील वार्धक्यात महाकाय तारे निळे अथवा तांबडे महाराक्षसी तारे होतात. मृग नक्षत्रातील राजन्य निळा, तर काक्षी तांबडा आहे.

या दोहोंच्या संख्येचे प्रमाण ही गणिताची कठोर कसोटी ठरली. मॅगेलनच्या लहान मेघात जड मूलद्रव्ये आपल्या आकाशगंगेहून बरीच कमी आहेत. तेथे निळ्यांचे प्रमाण अधिक असावे, असे अनेक गणिते दर्शवीत होती. मोजणीत ते कमी भरले. १९८७ साली मॅगेलनच्या मोठ्या मेघात एका ताऱ्याचा स्फोट झाला. असा तारा स्फोटापूर्वी तांबडा असावा, अशी सर्वसाधारण अपेक्षा होती. तो निळा निघाला.

हा विसंवाद निष्फळ ठरला नाही. ताऱ्याच्या अंतर्भागातील द्रव्याचे मिश्रण, त्याच्या पृष्ठभागावरून वाहून जाणारे वस्तुमान व त्याचा जोडीदार यांचा विचार त्यामुळे अधिक काटेकोरपणे होऊ लागला. २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार, अतितप्त अशा महाकाय ताऱ्यांपैकी सत्तर टक्क्यांहून अधिक ताऱ्यांची आयुष्यात केव्हातरी जोडीदाराशी वस्तुमानाची देवघेव होते. एकट्या ताऱ्याचे गणित अशांना पुरे पडत नाही.

मोजणीतही सावधगिरी हवीच. तेजस्वी तारे दुरूनही दिसतात, मंद तारे निसटतात आणि धुळीआडचे तारे लपून राहतात. म्हणून आकडे जुळले नाहीत, तर प्रथम मोजणी तपासावी व नंतर गृहीतके. हिवाळ्यातील रात्री शिक्षकांनी विद्यार्थ्यांस राजन्य व काक्षी अवश्य दाखवावेत. रंगांतील भेद नुसत्या डोळ्यांनीही जाणवतो.