पाचशे रुपयांचा पंचाहत्तर बाइटांचा निरोप

आपल्या देशातील तारसेवा जुलै २०१३ मध्ये बंद झाली. घरातील वडीलधाऱ्यांना विचारल्यास ते सांगतील की, शुभेच्छांची तार करताना सगळा मजकूर लिहावा लागत नसे. दिवाळी, विवाह, परीक्षेतील यश अशा प्रसंगांची ठराविक वाक्ये क्रमांक घालून छापलेली असत. तारेतून नुसता क्रमांक जाई आणि पलीकडचा तारमास्तर त्या क्रमांकाचे वाक्य कागदावर उतरवी. क्रमांकाला स्वतःचा काहीच अर्थ नसे. दोन्ही टोकांना एकच यादी होती, म्हणून अर्थ होता.

वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्याने ‘सी’ भाषेवर का लिहावे, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की, आपण एटीएममधून पैसे काढतो तेव्हा बँकांच्या संगणकांत याच जातीचा निरोप धावत असतो आणि तो चुकला तर खातेवही चुकते. एका बँकेचे कार्ड दुसऱ्या बँकेच्या यंत्रात चालावे यासाठी हैदराबादच्या आयडीआरबीटी या संस्थेने २००४ साली ‘नॅशनल फायनान्शियल स्विच’ उभारला. २००९ पासून तो मुंबईच्या राष्ट्रीय भुगतान निगमाकडे, म्हणजे एनपीसीआयकडे आहे. यातून जाणाऱ्या निरोपांचा साचा ‘आयएसओ ८५८३’ या नावाने ओळखला जातो व तो प्रथम १९८७ साली प्रसिद्ध झाला.

समजा, पाचशे रुपये काढायचे आहेत. निरोपाच्या आरंभी चार अंक येतात : ०२००, म्हणजे ‘व्यवहाराची मागणी’. मग पुढे रकाने. दुसऱ्या रकान्यात कार्डाचा क्रमांक. तो किती अंकी आहे ते आधी दोन अंकांत सांगावे लागते, म्हणून १६ व त्यामागून सोळा अंक. तिसऱ्यात व्यवहाराचा प्रकार सहा अंकांत. चौथ्यात रक्कम, पैशांत आणि बारा अंकांत : ००००००‌०५००००. सातव्यात महिना, दिवस, तास, मिनिट, सेकंद असे दहा अंक. अकराव्यात सहा अंकी अनुक्रमांक. हा आपल्या व्हाउचर नंबरसारखा समजावा. एकेचाळिसाव्यात यंत्राची आठ अक्षरी ओळख आणि एकोणपन्नासाव्यात चलन; भारतीय रुपयाचा अंक ३५६. प्रत्यक्षात पिन वगैरे आणखी रकाने असतात, पण समजण्यापुरते इतके पुरे.

आता गंमत पाहा. रकाने चौसष्ट, भरले केवळ सात. रिकामे रकाने पाठवणे म्हणजे कोऱ्या कागदाचे टपाल भरणे. बरे, रकान्यांची नावे तर निरोपात नसतातच. मग कोणते भरले हे पलीकडच्याला कळणार कसे? त्यासाठी रकान्यांच्या आधी आठ बाइटांचा एक पट्टा असतो. आठ बाइट म्हणजे चौसष्ट बिट, दर रकान्याला एक. भरला असेल तर १, नसेल तर ०. बाइटातील घरांच्या किमती डावीकडून १२८, ६४, ३२, १६, ८, ४, २, १. पहिल्या बाइटात दुसरा, तिसरा, चौथा व सातवा रकाना भरलेला, म्हणून ६४ + ३२ + १६ + २ = ११४. दुसऱ्या बाइटात फक्त अकरावा, म्हणून ३२. पुढचे तीन शून्य, मग १२८, १२८ आणि शेवटी शून्य. वाचकांनी कागद-पेन्सिल घेऊन एकदा ताडून पाहावे. सी भाषेत याचे सूत्र सोपे आहे. रकान्याच्या क्रमांकातून एक वजा करून आठाने भागावे. भागाकार बाइट सांगतो, बाकी त्यातील घर.

चार, आठ आणि रकान्यांचे त्रेसष्ट मिळून पंचाहत्तर बाइट झाले. हे बाइट सीमध्ये मांडताना नवशिक्याला एक मोह होतो. सीमध्ये निरनिराळी माहिती एकत्र बांधायला ‘स्ट्रक्ट’ आहे. तोच उचलून तारेत का ओतू नये? ओतू नये, कारण संगणक आपल्या सोयीसाठी त्यात मोकळ्या जागा सोडतो. एक बाइटाचे अक्षर आणि त्यामागे चार बाइटांचा पूर्णांक, अशी बेरीज पाच व्हावी. बहुतेक यंत्रांवर ती आठ भरते. पलीकडचा मोजून पाचच वाचणार! दुसरा खड्डा शून्याचा. सीमध्ये शून्य बाइट म्हणजे शब्द संपला, असा संकेत आहे. आपल्या पट्ट्यात तर तिसराच बाइट शून्य. शब्द नकलण्याचे नेहमीचे फंक्शन वापरले तर चार आणि दोन असे सहा बाइट जातील व निरोप तेथेच तुटेल. म्हणून बाइट मोजून नकलणारे फंक्शन घ्यावे.

तिसरा खड्डा उलट्या क्रमाचा. पुष्कळ ठिकाणी निरोपापूर्वी त्याची लांबी दोन बाइटांत पाठवतात : आधी ०, मग ७५. आपल्या नेहमीच्या इंटेल संगणकात लहान घर आधी ठेवण्याची रीत आहे. तसेच पाठवले तर पलीकडे ७५ गुणिले २५६, म्हणजे १९,२०० वाचले जाते आणि ते यंत्र कधीच न येणाऱ्या बाइटांची वाट पाहत बसते. म्हणून एकेक रकाना, एकेक बाइट हाताने मांडावा. काम कंटाळवाणे आहे, पण रोजकीर्द लिहिणेही कंटाळवाणेच असते.

आमच्या कोरगावातील एका काकींनी पेडण्याला जाऊन पैसे काढले. खात्यातून रक्कम वजा झाल्याचा संदेश आला, यंत्रातून नोट काही आली नाही. “बाबा, म्हजे पयशे गेले खंय?” असे त्यांनी मला विचारले, कारण मी कॉमर्सला! पैसे कोठे गेले नव्हते. मागणी पोचली, बँकेने नावे टाकले, पण होकाराचे ०२१० वाटेत हरवले किंवा यंत्र अडकले, की असे होते. तेव्हा ०४२० हा उलटनोंदीचा निरोप जायचा असतो. त्यात मूळ व्यवहाराचा तो सहा अंकी अनुक्रमांक परत लिहिलेला असतो. त्यावरून बँक नोंद शोधून रक्कम जमा करते. तो अंक एका घराने जरी सरकला तरी जोडी जुळत नाही. मग उरते ती माणसांनी करायची जुळवणी. आपण ‘बँक जुळवणीपत्रक’ शिकतो तीच, फार मोठ्या प्रमाणावर.

रिझर्व्ह बँकेच्या २० सप्टेंबर २०१९ च्या परिपत्रकाप्रमाणे अशी रक्कम व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत आपोआप परत जमा झाली पाहिजे. त्यापुढे दर दिवसाला शंभर रुपये भरपाई. काकींना हे ठाऊक नव्हते, आणि वर्गात विचारले तेव्हा आमच्यापैकीही बहुतेकांना नव्हते.

जाता जाता कन्नड विभागातील मित्रांसाठी एक गोष्ट. उत्तराच्या एकोणचाळिसाव्या रकान्यात दोनच अक्षरे असतात. ०० म्हणजे मंजूर, ५५ म्हणजे पिन चुकला, ५१ म्हणजे शिल्लक अपुरी. तारेतून जाते ते फक्त ५१. त्याचे मराठी करायचे की कन्नड, हे पडद्यावर बोट ठेवणाऱ्याच्या निवडीप्रमाणे ते यंत्र ठरवते.