सिंगापुरातील पहिली पहाट

सिंगापुरात मुक्कामास गेलो, तेव्हा पहिल्याच दिवशी सात वाजत आले तरी बाहेर अंधारच होता. घड्याळ बिघडले असे वाटले! कारण मागाहून उमगले. हे नगर सुमारे १०४ अंश पूर्व रेखांशावर आहे. १५ अंशांस एक तास, म्हणजे ग्रिनिचहून जेमतेम सात तास पुढे. तेथील घड्याळे मात्र १९८२ पासून आठ तास पुढे लावलेली आहेत. विषुववृत्त अवघ्या दीडशे किलोमीटरांच्या आत. म्हणून दिवस वर्षभर सुमारे बारा तासांचा आणि पाऊसही बारमाही.

घरून आईने विचारले, “तिकडे पाऊस लागला का रे?” काय सांगावे? तेथे मृगाची वाट पाहणेच नाही! वर्षानुवर्षे शिकविलेला भूगोल मला त्या प्रश्नाने खरा शिकविला.