पानभर शुद्धलेखन नको, एक ओळ पुरे

प्रश्न : मुलगा साडेसहा वर्षांचा आहे, घरीच शिकतो. वाचतो छान, पण पानभर शुद्धलेखन सांगितलं की रडतो. अक्षरही वेडंवाकडं येतं. काय करावं?

उत्तर : पानभर लिहून घेणं आजपासून थांबवा. या वयात बोटं लवकर थकतात. पहिली ओळ बरी आणि शेवटची गिचमीड असेल, तर तो थकवा आहे, आळस नव्हे. रोज १० मिनिटं, एकच ओळ. ती त्याला आवडलेल्या गोष्टीतली असावी. दुरेघी वहीत वर तुम्ही ठळक अक्षरात लिहा, खाली त्याला उतरवू द्या.

तो लिहिताना शेजारी बसा, हे सर्वांत महत्त्वाचं. हात कुठून सुरू होतो, कुठे उचलला जातो, हे लिहून झालेल्या पानावर दिसत नाही. पुष्कळ मुलं आधी शिरोरेघ ओढून तिला अक्षरं टांगतात, मग ती दाटीवाटीनं बसतात. आधी पूर्ण शब्द, मग एका दमात शिरोरेघ, अशी सवय लावा. इंटरनेटवरचा कित्ता तपासून घ्या. त्यात ‘ल’ आणि ‘श’ अनेकदा हिंदी वळणाचे असतात. मराठीत पाकळीचा ‘ल’ आणि देठाचा ‘श’ हवा.

खोडरबर दूर ठेवा. ओळीतलं सर्वांत चांगलं अक्षर त्यालाच निवडू द्या. कणीक मळणं, मटार सोलणं यानंही बोटांत बळ येतं.

काही महिन्यांनीही हात दुखल्याची तक्रार राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना जरूर दाखवा.