पाषाणमाशीचा नर ओळखताना

विद्यालयाच्या स्मरणिकेसाठी एखादा शास्त्रविषयक लेख लिहावा, असे संपादक मंडळाने सुचविले, तेव्हा मला प्रयोगशाळेच्या कपाटातील एक लहान बाटली आठवली. तिच्या चिठ्ठीवर ओढ्याचे ठिकाण आहे, तारीख आहे. कीटकाच्या नावाच्या जागी मात्र ‘निओपर्ला, जात अनिश्चित’ एवढेच लिहिलेले आहे. आत सत्तावीस कीटक आहेत आणि त्या सर्व माद्या आहेत. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन तीन रात्री ओढ्याकाठी पांढरी चादर आणि पेट्रोमॅक्स लावून मी त्या गोळा केल्या होत्या. मोठे, ठसठशीत कीटक ठेवायचे आणि बारके सोडून द्यायचे, असा माझा हिशेब होता. पुढे सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर उलगडा झाला की, जे बारके सोडून दिले त्यांतच नर असावेत. एक हंगाम वाया गेला. तशी चूक दुसऱ्याची होऊ नये, म्हणून हा लेख.

ज्यांना इंग्रजीत स्टोनफ्लाय म्हणतात, त्यांना या लेखापुरते आपण पाषाणमाशी म्हणू. वास्तविक ही माशी नव्हे. माशीला पंखांची एकच जोडी असते, हिला दोन असतात. या कीटकगणाला प्लेकॉप्टेरा हे नाव जर्मन कीटकशास्त्रज्ञ हेर्मान बुर्माइस्टर यांनी 1839 मध्ये दिले. त्याचा अर्थ घडीचे पंख. कीटक बसला की मागचे रुंद पंख जपानी पंख्याप्रमाणे मिटून पुढच्या पंखांखाली जातात आणि सारे पाठीवर सपाट पडून राहतात. ओढ्याकाठच्या दिव्यावर येणारी मेफ्लाय आपले पंख शिडासारखे उभे धरते, तर कॅडिसफ्लायचे केसाळ पंख कौलारू छपरासारखे दोन्ही बाजूंना उतरतात. एवढ्या खुणेवर निम्मा गोंधळ मिटतो. उरलेल्यासाठी उदराच्या टोकाला दोन शेपट्या आणि पावलाला तीन खंड आहेत की नाहीत, ते पाहावे.

हिचे अर्भक वाहत्या, प्राणवायूने समृद्ध पाण्यात दगडांखाली वाढते. पाणी तुंबले, सांडपाणी मिसळले, की ते प्रथम नाहीसे होणाऱ्यांपैकी असते. म्हणूनच ओढ्याची प्रकृती तपासणारे या अर्भकांची नोंद करतात. परंतु अर्भकावरून बहुधा कुल किंवा प्रजातीच सांगता येते. एकाच ओढ्यात दोन-तीन जाती असतील आणि त्यांतील एक लुप्त झाली, तर ‘निओपर्ला आढळला’ ही नोंद पूर्वीसारखीच दिसेल. जात सांगायची तर प्रौढ नर हवा.

सह्याद्रीच्या ओढ्यांत जो निओपर्ला मिळतो, तो पर्लिडी कुलातील. जेम्स नीडहॅम यांनी ही प्रजाती 1905 मध्ये स्थापिली. बहुतेक पाषाणमाश्यांच्या डोक्यावर तीन साधे डोळे असतात, निओपर्लाला दोनच. छातीच्या खालच्या अंगास, पायांच्या बुडाशी, अर्भकावस्थेतील कल्ल्यांचे सुकलेले झुबके प्रौढातही दिसतात; ही पर्लिडी कुलाची खूण होय.

आता नर. आकारावर विसंबू नये. नर सामान्यतः लहान असतो, पण लहान दिसणारी प्रत्येक माशी नर नसते. दहापट भिंग घेऊन उदराचे शेवटचे चार खंड पाहावेत. मादीच्या पाठीकडील पट्ट साधे असतात आणि दहावा अखंड असतो. जननरंध्र पोटाकडे, आठव्या पट्टामागे उघडते. नराचा दहावा पृष्ठपट्ट मधोमध दुभंगलेला असतो आणि प्रत्येक अर्ध्या भागातून बोटासारखा एक आकडा पुढे वळलेला दिसतो. सातव्या पृष्ठपट्टाची मागची कड बहुधा उंचावलेली असते व तिच्यावर अतिसूक्ष्म खुंट असतात. आठव्यावरही पुष्कळदा उंचवटा असतो. पर्लिडी कुलाच्या दुसऱ्या उपकुलातील बहुतेक नरांना नवव्या अधरपट्टावर बटणासारखी ‘हातोडी’ असते. ती पृष्ठभागावर आपटून ते मादीला साद घालतात. निओपर्लाच्या नराला ती नसते. तेव्हा हातोडी नाही म्हणून कीटक मादी ठरवू नये. माझी पहिली चूक आकाराची होती, दुसरी नेमकी ही झाली असती.

येथवर लिंग ठरले. जात अजून ठरलेली नाही. बाहेरचे आकडे अनेक जातींत इतके सारखे असतात की, खरा निर्णय आत दडलेल्या संगमेंद्रियावर होतो. ती एक नळी असते आणि तिच्या टोकाला बारीक काट्यांनी भरलेली मऊ पिशवी असते. काट्यांची रांग, त्यांची जागा, पिशवीची वळणे यांत भेद सापडतो. ताज्या नराचे उदर चिमट्याने मागून हलके दाबले तर ती पिशवी बाहेर येते. जुन्या नमुन्यात उदराचे टोक कापून क्षारात मऊ करावे लागते, आणि घाई केली तर पिशवी फाटते.

“मग त्याला मारावेच लागते का?” सकाळी पंचशील म्हणून आलेल्या एका विद्यार्थ्याने मला हे विचारले होते. मी त्याला लपवाछपवीचे उत्तर दिले नाही. प्रजातीपर्यंतच जायचे असेल तर नाही. भिंगाने पाहावे, छायाचित्र घ्यावे, सोडून द्यावे. जातीचे नाव हवे असेल तर एक-दोन नर मद्यार्कात जातातच. सत्तावीस माद्यांची मात्र गरज नव्हती, आणि ते ओझे माझेच आहे.

दुसरा मार्ग संथ आहे, पण मला तोच अधिक पटतो. ज्या अर्भकाच्या पंखांच्या कळ्या काळ्या झाल्या आहेत, ते प्रौढ होण्याच्या बेतात असते. त्याला थंड, खेळत्या पाण्यात, वर डोकावणारा एक दगड ठेवून, जाळीखाली पाळावे. रात्री ते दगडावर चढून कात टाकते. नर निघाला तर कात आणि प्रौढ एकाच बाटलीत, 80 टक्के मद्यार्कात ठेवावेत. ठिकाण, उंची आणि तारीख पेन्सिलीने लिहून चिठ्ठी आतच टाकावी. शाई मद्यार्कात विरघळते.

कपाटातील त्या माद्यांपैकी काहींच्या उदरात अंडी आहेत. निओपर्लाच्या अंड्यांच्या कवचावरील नक्षी जातीपरत्वे भिन्न असते, परंतु त्याच ओढ्यावर नरासह मादीची जोडी सापडली, तरच ती नक्षी कोणत्या नावाला जोडायची ते ठरेल. तोवर चिठ्ठी बदललेली नाही.